दिसतंय का?

गेल्या श्रावणात आमच्या घरातले इंटरनेट रोज संध्याकाळी सातच्या सुमारास गतप्राण होई आणि साडेआठनंतर, जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने, पुन्हा उठून बसे. सकाळी ते ठणठणीत असे. दुपारी घरात कोणी नसताना तर ते फारच उत्तम चालत असावे, असा माझा तर्क आहे. घरातल्या बहुतेक वस्तूंचा तोच स्वभाव असतो.

तास-दीड तास इंटरनेट नसले तर आभाळ कोसळते का, असे कोणी म्हणेल. एरवी मीही म्हटले असते. पण नोकरी सांभाळून एम. ए. करणाऱ्या विद्यार्थ्यांचा तास मी आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी साडेसातला घरूनच घेतो. ते बिचारे कोणी कारखान्यातून सुटून बसमध्ये उभ्याउभ्या, कोणी दुकानाचे शटर ओढताओढता कानात बोंडे घालून माझे व्याकरण ऐकतात. त्या दिवशी कर्मणी प्रयोग चालू होता. ‘कर्त्याला तृतीया लागते आणि क्रियापद’ इतके म्हणालो आणि थिजलो. म्हणजे इकडे मी चांगला वीस मिनिटे बोलत होतो. तिकडे मात्र ‘क्रियापद’मधल्या ‘या’वर उघड्या तोंडाने गोठून राहिलो होतो. एका विद्यार्थ्याने त्या मुद्रेचे छायाचित्र काढून ठेवले आहे. ते अजून वर्गात फिरते, असे ऐकतो.

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता एक तरतरीत मुलगा आला. सकाळी अकरा वाजता! रात्री दात दुखावा आणि दवाखान्यात पाऊल टाकताच थांबावा, तसे झाले. त्याने भिंतीवरच्या पेटीकडे पाहिले. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून उजेड येतो, त्या उजेडाच्या उघडझापीत सगळे निरोप असतात, तंतू तुटला किंवा फार वाकला तर पेटीवर तांबडा दिवा लागतो, इतके त्याने मला नीट समजावून सांगितले. तांबडा दिवा लागलेला नव्हता. ‘आमच्याकडून ओके आहे, सर,’ असे म्हणून तो गेला. या वाक्याचे मी पुष्कळ व्याकरण केले. ‘आमच्याकडून’ ओके, म्हणजे बिघाड तुमच्याकडून, एवढाच त्याचा अर्थ निघतो.

मग संशयित घरातच शोधणे आले. पहिला संशय मी मायक्रोवेव्ह भट्टीवर घेतला, आणि तो अगदीच अडाणी नव्हता. भट्टीत वरण तापवणाऱ्या लहरी सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा कंप पावतात आणि वायफायच्या पट्ट्यांपैकी जुना पट्टा त्याच आसपासचा आहे. दोघी सख्ख्या चुलत बहिणी. भट्टीतून थोडीशी लहर पाझरली तरी शेजारच्या वायफायच्या कानात ती ओरडते. तेव्हा सात ते साडेआठ भट्टी बंद, असा फतवा मी काढला. सौभाग्यवतींनी दोन दिवस गॅसवर वरण तापवले. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘‘अहो, वरण गॅसवर तापतंय आणि डोकं तुमचं. इंटरनेट आहे तसंच आहे.’’

दुसरा संशय शेजाऱ्यांवर. आमच्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाचे स्वतंत्र वायफाय. त्या जुन्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न जाता बोलता येतील अशा गल्ल्या तीनच: १, ६ आणि ११. सारी इमारत ६ क्रमांकात गर्दी करून होती. मी आमचे बिऱ्हाड ११मध्ये हलवले. चाळीतून ब्लॉकमध्ये गेल्याचा आनंद झाला आणि संध्याकाळी सात वाजता तो मावळला.

इथे अण्णांविषयी सांगायला हवे. माझ्या वडिलांची हयात टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेली. आम्ही शनिवारातल्या वाड्यात राहत असू, तेव्हा १९८७ साली दर रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू होण्याआधी अण्णा कौलांवर चढत आणि अँटेना सिंहगडाच्या मनोऱ्याकडे वळवीत. आई टीव्हीसमोर, मी जिन्यात. वरून आरोळी येई, ‘‘दिसतंय का?’’ मी ती आत पोचवी. आई म्हणे, ‘‘मुंग्या आहेत.’’ मी वर ओरडे, ‘‘मुंग्या!’’ अण्णा इंचभर फिरवत. ‘‘आता?’’ ‘‘आलं! आलं! गेलं!’’ निम्मा वाडा आमच्या खोलीत बसलेला असे आणि तो निम्मा वाडा एकदमच उत्तर देई, त्यामुळे नेमके काय वर पाठवायचे ते मला ठरवावे लागे. आमच्या घरातला पहिला राउटर मीच होतो म्हणायला हरकत नाही.

बिघाड शोधण्याची अण्णांची एक रीत होती. ती त्यांनी मला तेव्हाच शिकवली होती. ‘‘तक्रार करणारा जिथे बोट दाखवतो तिथे बिघाड सहसा नसतो. आपण वाट अर्धी करायची. मधल्या खांबावर चढायचं आणि तिथून एक्सचेंजला हाक मारायची. ओ आली तर बिघाड आपल्या पुढे, नाही आली तर मागे. मग उरलेली वाट पुन्हा अर्धी करायची. दहा खांबांची लाइन असली तरी तीन-चार खांब चढलं की गाठलाच.’’

आता तुम्ही म्हणाल, घरात असा माणूस असताना तुम्ही कंपनीच्या पोराकडे कशाला गेलात? खरे सांगायचे तर अण्णांना विचारावे असे मला सुचलेच नाही. आयपी, राउटर या गोष्टी त्यांच्या काळातल्या नव्हेत, असे मी धरून चाललो होतो. एका रात्री जेवताना मात्र मी मोठ्या आवाजात विचारले, ‘‘कोणी त्या राउटरला हात लावलाय का?’’ कन्या म्हणाली, ‘‘मी नाही.’’ सौभाग्यवतींनी नुसते पाहिले. अण्णांनी ताकाचा पेला खाली ठेवला आणि विचारले, ‘‘किती वाजता जातं?’’

‘‘सातनंतर.’’

‘‘हं,’’ ते म्हणाले आणि पानावरून उठले.

त्यानंतर दोन संध्याकाळी इंटरनेट जराही हलले नाही. मी कर्मणी प्रयोग पुरा करून भावे प्रयोगापर्यंत पोचलो. गल्ली क्रमांक ११चा हा प्रताप आहे असे मी सगळ्यांना सांगितले. तिसऱ्या दिवशी सात वाजता ते पुन्हा मेले.

आणखी एक बारीकशी गोष्ट. त्याच दिवसांत अण्णा सकाळच्या चहाला मला शब्दांचे अर्थ विचारू लागले होते. ‘‘व्याजोक्ती म्हणजे काय रे? व्याजाशी संबंध आहे का?’’ मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणालो, ‘‘नाही. खरं कारण झाकून भलतंच कारण पुढे करायचं, तो अलंकार. कोड्यात आलंय का?’’ ‘‘हो, कोड्यात,’’ अण्णा म्हणाले.

तर तिसऱ्या संध्याकाळी मी हट्टाला पेटलो. तासाला अजून वीस मिनिटे होती. कन्येच्या टेबलावरचा संगणक तारेने जोडलेला असतो आणि दिवसभर चालू असतो. तो चालत होता. माझा कॉलेजातून आणलेला लॅपटॉप बंद. बँकेतून आलेल्या सौभाग्यवतींचा फोनही बंद. म्हणजे जो सकाळपासून घरात आहे त्याचे चालते आणि जो बाहेरून येतो त्याला घर ओळखत नाही! त्याच्या पडद्यावर वायफायची खूण तर भरगच्च दिसे आणि खाली लिहिलेले असे: ‘जोडलेले आहे, इंटरनेट नाही.’ सोयरिकीतल्या पुष्कळ घरांशी आमचे संबंध असेच आहेत.

अण्णांची रीत आठवली. वाट अर्धी करायची आणि हाक मारायची. संगणकात अशी हाक मारण्याची सोय आहे. १९८३च्या डिसेंबरात माइक म्यूस नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने ती लिहिली आणि पाणबुड्या शोधताना उमटणाऱ्या आवाजावरून तिला ‘पिंग’ हे नाव दिले. दुसऱ्या यंत्राला पिंग करायचे; ते जागे असेल तर ओ देते आणि ओ यायला किती वेळ लागला तेही कळते. माझ्या वाटेचा मधला खांब म्हणजे आमचा राउटर. त्याचा पत्ता १९२.१६८.१.१. मी हाक मारली. ओ नाही! राउटर दिवाणखान्यात माझ्यापासून आठ हातांवर, हिरवे दिवे मिचकावत बसलेला, आणि ओ नाही. म्हणजे कंपनीचा पोरगा खरे बोलत होता. बिघाड रस्त्यावर नव्हता, घरातच होता.

‘‘बाबा, तुमचा स्वतःचा पत्ता काय आहे तो बघा ना,’’ कन्या म्हणाली.

घरातल्या प्रत्येक यंत्राला असा एक पत्ता लागतो. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते केवळ खासगी वापरासाठी १९९४ सालापासून राखून ठेवलेले आहेत आणि जगातल्या कोट्यवधी घरांत तेच ते वापरले जातात. ‘मारुतीच्या देवळामागे’ हा पत्ता जसा गावोगाव चालतो, पण गावाबाहेरच्या पोस्टमनला त्याचा उपयोग नसतो, तसेच हे. कन्येच्या संगणकाचा पत्ता होता १९२.१६८.१.७. माझ्या लॅपटॉपचा निघाला १९२.१६८.०.१०४. एकाच्या जागी शून्य! म्हणजे मी बसलो होतो आपल्या घरात आणि राहत होतो दुसऱ्याच गावात.

हे पत्ते वाटतो कोण? राउटरच. नवे यंत्र घरात शिरले की ते कोणाचे नाव न घेता ओरडते, ‘मला पत्ता द्या!’ आणि जो पहिल्यांदा देईल त्याचा बहुधा घेते. लग्नाच्या कार्यालयात पाहुणा ट्रंक घेऊन उतरतो आणि समोर दिसेल त्याला ‘आमची खोली कुठली?’ असे विचारतो, तसेच. एकच व्यवस्थापक असेल तर ठीक. पण तिथे दुसरा एक गृहस्थ उभा असावा, त्याच्या खिशात कुठल्या तरी बंद पडलेल्या कार्यालयाच्या किल्ल्या असाव्यात आणि तोही अगत्याने वाटत असावा, तर त्याच्या तावडीत सापडलेल्या पाहुण्याला खोली मिळते, पण पंगतीकडे जाणारे दार मिळत नाही. जे सकाळीच खोली घेऊन बसले त्यांना या घोटाळ्याचा पत्ताही नसतो.

तर हा दुसरा गृहस्थ कोण? मी त्याचाच पत्ता, १९२.१६८.०.१, ब्राउझरात घातला. समोर एक पान उघडले. ते पाहून मला घाम फुटला. ते आमच्या जुन्या राउटरचे पान होते. वर्षापूर्वी कंपनी बदलली तेव्हा मी तो माळ्यावर टाकला होता. माणसाला पोचवून यावे आणि घरी त्यानेच दार उघडावे!

माळ्यावर पाहिले. राउटर नव्हता. नव्या राउटरच्या मागे पाहिले. तिथे एक जादा तार खोचलेली होती. जुना राउटर आतल्या खोलीत असे, तेव्हापासून ती तार बोळातल्या भिंतीला चिकटून राहिली होती. मी ती काढण्याचा कंटाळा केला होता. तिच्यावर बोट ठेवून मी बोळातून चालू लागलो. तार अण्णांच्या दारातून आत गेली होती. दार ओढून घेतलेले होते आणि आतून वाचण्याचा आवाज येत होता.

मी दार ढकलले. अण्णा टेबलाशी बसले होते. पुढे उघडलेली एक जुनी कादंबरी, माझ्याच कपाटातली. तिची जागा रिकामी आहे हे मला कळलेही नव्हते. पाण्याच्या तांब्याला टेकवलेला टॅब. टॅबवर सांगलीची आत्या. वय ८१, अण्णांची थोरली बहीण. चैत्रात तिला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. मी एकदा जाऊन भेटून आलो होतो. अण्णांच्या पायाशी, जोड्यांच्या रिकाम्या खोक्यावर, जुना राउटर दिवे मिचकावत होता.

अण्णांनी वाचन थांबवले. ‘‘ताई, एक मिनिट हं,’’ पडद्याकडे पाहून ते म्हणाले आणि मग माझ्याकडे वळले. ‘‘तुझा तास याच्यामुळेच बंद पडतो ना?’’

‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘संशय होता. म्हणून दोन दिवस लावला नाही. तुझं व्यवस्थित चाललं.’’

‘‘मग परत का लावलात?’’

‘‘सांगलीहून सुनेचा फोन आला. सात वाजले की ताई टॅबकडे बोट दाखवते म्हणाली. जेवायला घेत नाही.’’

‘‘अहो, पण साधा फोन करून वाचायचं...’’

‘‘फोनवर मी वाचीन रे. पण ती ऐकतेय की झोपलीय ते मला कसं कळणार? तिला हुंकार देता येत नाही. मान हलवते.’’

पडद्यावर आत्या माझ्याकडे पाहत होती. तिने मान हलवली.

‘‘मला सांगायचं तरी,’’ मी म्हणालो. आवाज चढवायचा नाही असे ठरवूनही तो थोडा चढलाच.

‘‘सांगितलं होतं,’’ अण्णा शांतपणे म्हणाले. ‘‘ज्येष्ठात. माझ्या खोलीत येत नाही, आणि बाहेर टीव्ही असतो, काहीतरी करता येईल का, म्हणून विचारलं होतं. एकदा नाही, दोनदा. तू ‘बघतो’ म्हणालास.’’

‘बघणे’ हे क्रियापद सकर्मक आहे, असे मी वर्गात शिकवतो. घरात मी ते ज्या अर्थाने वापरतो, त्या अर्थी त्याला कर्मही नाही आणि काळही नाही. मला ते संभाषण आठवेना. म्हणजे मी नक्कीच तसे म्हणालो असेन.

तासाला दोन मिनिटे राहिली होती. मी दार पुन्हा ओढून घेतले आणि त्या दिवशीचा तास मोबाइलच्या डेटावर घेतला. भावे प्रयोग चालू होता. काय शिकवले ते विद्यार्थ्यांनाच विचारावे लागेल.

रविवारी सकाळी मी आणि अण्णा ते खोके मध्ये घेऊन बसलो. त्यांनी काय केले होते ते त्यांनीच सांगितले. टेलिफोनच्या एका लाइनीवर आतल्या खोलीत दुसरे यंत्र जोडता येई, त्याला पॅरलल म्हणत. अण्णांनी असे शेकडो पॅरलल जोडले होते. त्याच हिशेबाने त्यांनी जुना राउटर माळ्यावरून काढला आणि पडून राहिलेल्या तारेची दोन टोके दोघांच्या एकसारख्या भोकांत घातली. दिवे लागले. खोलीत वायफाय आले. मी नवा राउटर बसवताना सगळ्यांचे फोन पुन्हा जुळवायला नकोत म्हणून जुनेच नाव आणि जुनाच परवलीचा शब्द ठेवला होता. त्यामुळे घरात दोन वायफाय आहेत हे यादीत कोणालाच दिसले नाही. अण्णांच्या टॅबलाही कधी चुकीचा पत्ता मिळे आणि आत्या मध्येच गोठे. मग ते टॅब बंद करून पुन्हा लावत. तीनदा, चारदा, योग्य पत्ता मिळेपर्यंत.

मी त्यांना पत्ते वाटण्याची भानगड सांगितली. लग्नाच्या कार्यालयापर्यंत मी पोचायच्या आतच अण्णांनी मांडीवर थाप मारली. ‘‘म्हणजे हा पॅरलल नव्हेच! मी घरात दुसरं एक्सचेंज उभं केलं!’’ आठवडाभर डोके खाजवून मला जे उमगले ते त्यांनी एका वाक्यात मला परत दिले.

मग पुढचे काम फारसे नव्हते. जुन्या राउटरच्या पोटाखालच्या चिठ्ठीवर त्याच्या पानाचा परवलीचा शब्द होता. तो झिजला होता. अण्णांनी भिंग लावून वाचला. त्या पानावर ‘डीएचसीपी’ नावाची एक कळ असते, तीच पत्ते वाटण्याची. ती बंद केली आणि नव्याच्या गावात त्याला स्वतःला १९२.१६८.१.२ हे घर दिले. आता त्याने नुसते लहरी पोचवायचे काम करायचे, पत्ते वाटायचे नाहीत. तार होती तिथेच राहिली. दोन्ही राउटर एकदा बंद करून चालू केले.

अण्णा आतल्या खोलीत टॅब घेऊन बसले. मी दिवाणखान्यात लॅपटॉपसमोर. कन्या बोळात उभी.

‘‘दिसतंय का?’’ मी ओरडलो.

‘‘आजोबा, दिसतंय का?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘बाबा, नाही म्हणतायत!’’

‘‘आता?’’

‘‘आजोबा, आता?’’

आतून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग अण्णांचा आवाज आला, पण तो आम्हाला उद्देशून नव्हता. ‘‘ताई, आज सकाळीच आलो. वेळ चुकली म्हणून घाबरू नकोस. तुला दिसतंय का मी?’’

कन्येने आत डोकावले आणि तिथूनच मला ओरडून कळवले, ‘‘बाबा, मान हलवली!’’

दुपारी जेवण झाल्यावर कंपनीचा निरोप माझ्या फोनवर आला. आपल्या तक्रारीचे निवारण आमच्या तंत्रज्ञाने केले आहे, कृपया त्याच्या सेवेला पाचपैकी तारे द्यावेत. मी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि एकही तारा द्यायचा नाही असे जाहीर केले. अण्णा सुपारी कातरत होते.

‘‘पाच दे,’’ ते म्हणाले. ‘‘त्याच्याकडून ओके होतं.’’